सुशीलेचा प्रतिसाद

शेजारच्या दुकानदाराने कूलरला नवा वाळा लावला आणि त्या ओल्या गंधाने मला मुकुंदवाडीच्या जुन्या नेट कॅफेत नेले. मी व्यवसायाने अर्जनवीस, कचेरीबाहेर बसून लोकांचे अर्ज लिहिणारा. एका मराठी संकेतस्थळावरही माझ्या लेखनास तेव्हा मान होता. त्या दुपारी पत्नी सुशीला सोबत होती. परदेशी गेलेल्या एका नववधूने त्या संकेतस्थळावर विचारले होते, भाकरी थापताना मोडते, काय करावे? सुशीला उत्तर सांगू लागली. मी 'सविनय सादर की' असा प्रारंभ केला.

"अहो, ती काय तहसीलदार हाय का?" सुशीला हसली. "मी बोलते तस्संच लिवा. पहिली भाकर मोडतीच, बाई. सासूला दावू नको, गपचूप खाऊन टाक."

पुढचेही तिचे सारे बोलणे मी जसेच्या तसे टंकित केले.

तेव्हा ती केवळ थट्टा वाटली. सुशीला वारल्यानंतर मात्र संकेतस्थळावरचा तो प्रश्नोत्तरांचा धागा मी रोज वाचत असे. परवा तो उघडेना. विचारणा करता संकेतस्थळाच्या चालकांनी कळविले, "सर्व्हरवरील जागेचा खर्च झेपत नाही, म्हणून जुने धागे काढले." त्यांनाही दोष कसा द्यावा?

त्या मोडक्या भाकरीच्या वाक्यानंतरही ती बरेच बोलली होती. ते आठवून लिहावयास बसतो. परंतु कागदावर उतरते ती माझीच भाषा.