निवडीच्या सकाळी

राष्ट्रीय स्पर्धेत सुवर्णपदक मिळालं, तेव्हा देवी आपल्या पाठीशी आहे याबद्दल मला शंका नव्हती. शंका आली ती परदेशातल्या स्पर्धेची निवड तोंडावर असताना. सरावात डाव्या डोळ्याजवळ ठोसा बसला आणि कडेला काळी सावली दिसू लागली. वडील फौजेत, मी दिल्ली कॅन्टोन्मेंटमध्ये वाढलेली. दुखणं अंगावर काढायची घरात सवयच. बॉक्सिंगसाठी एवढा घाम गाळला आणि हे आताच का, असं मी मनातल्या मनात देवीला विचारत होते.

निवडीच्या सकाळी आईबरोबर आर. के. पुरममधल्या देवीच्या देवळात गेले. हात जोडून एकच मागितलं, आजची लढत जिंकू दे. वळले आणि डावीकडून येणाऱ्या एका वयस्क बाईंना धडकले. त्यांच्या हातातलं पूजेचं ताट पडलं, कुंकू फरशीभर झालं. मी ओशाळले. त्या मात्र रागावल्या नाहीत. माझ्याकडे निरखून बघत त्यांनी माझ्या डाव्या बाजूला स्वतःचा हात उभा धरला.

"कितनी उँगलियाँ हैं, बेटा?"

मला हातच दिसत नव्हता.

"मेरे पति को भी ऐसा ही हुआ था. हमने देर कर दी. तू अभी अस्पताल चल."

"आंटी, आज मेरा ट्रायल है."

आईचा चेहरा पांढराफटक पडला. "खड्ड्यात गेली ट्रायल! मला बोलली का नाहीस गं?"

देवीचा राग आला, खरं सांगते. तरी निमूटपणे त्या दोघींबरोबर रिक्षात बसले. तपासणीत कळलं, डोळ्याचा पडदा सुटत चालला होता. आणखी एक ठोसा बसला असता तर डोळा गेला असता, असं डॉक्टर म्हणाले. लगेच ऑपरेशन झालं. नजर वाचली, बॉक्सिंग कायमचं सुटलं.

कितीतरी महिने मी देवळाची पायरी चढले नाही. लोक विचारतात, त्या बाई पुन्हा दिसल्या का? दिसतात की! देवळाजवळच मुनिरक्यात राहतात, गुडघ्यांच्या तक्रारी सांगतात, मला हक्काने रागावतात. देवीने कुणाला पाठवलं असेल तर असंच, पत्ता असलेलं माणूस पाठवलं.

आता मी मुलींना बॉक्सिंग शिकवते. निवडीच्या बातम्या आल्या की अजून वाईट वाटतं. ते लपवत नाही. पण देवीपुढे उभी राहिले की काही मागायचं सुचत नाही. तिला दोन्ही डोळ्यांनी नीट बघून घेते, एवढंच.