विलायतेच्या परवान्यासाठी पनवेलला

साताऱ्याहून पहाटेची एसटी धरली, तेव्हा घरात मी कोणालाच खरं सांगितलं नव्हतं. पुण्याला कचेरीचं काम आहे, एवढंच बोललो होतो. निघालो होतो पनवेलला, एका म्हाताऱ्याची लबाडी पकडायला.

माझा धाकटा भाऊ सदा कुर्ल्याच्या कारखान्यात टर्नर आहे. त्याच्या शेजारच्या लेथवर काम करणारा युसुफ दोन वर्षांपूर्वी विलायतेला गेला. या युसुफने तिथल्या मालकाकडून सदाच्या नावाचा कामाचा परवाना (तिकडे त्याला व्हाउचर म्हणतात) मिळवला आणि तो सदाला न पाठवता पाठवला पनवेलला, आपल्या बापाकडे! "चाळीत पत्रं गहाळ होतात म्हणून असं केलंय, रजा मिळाली की जाऊन आणतो," असं सदाने भोळेपणाने लिहिलं होतं. मी अठरा वर्षं दस्तनोंदणीच्या कचेरीत घासलेला कारकून. मेलेल्या माणसाच्या नावाने अंगठा उठवणारे मी पाहिलेत. सदाला न कळवताच मी निघालो.

पुण्याला गाडी बदलली. खंडाळ्याचा घाट उतरताना शेजारच्या काळ्या कोटातल्या गृहस्थांशी बोलणं निघालं. त्यांचा पुतण्या म्हणे विलायतेच्या खटपटीत होता.

"आता कायदा झालाय ना," ते म्हणाले. "तिथल्या मालकाने नाव घेऊन बोलावलं तर एक वाट. हातात मोठं कसब असेल तर दुसरी. नुसते हातपाय असतील तर तिसरी, आणि तिथे रांग काही हलत नाही."

"आणि मालकाने बोलावल्याचा परवाना दुसऱ्याच्या हाती पडला तर?"

"मग काय! नाव तेच राहतं, जाणारा माणूस बदलतो."

मला हेच ऐकायचं होतं. बाहेर घाट बघण्यासारखा होता म्हणतात. मी काही पाहिला नाही.

पनवेलच्या स्टँडवर उतरलो तेव्हा ऊन माथ्यावर आलं होतं. गिरणीतल्या भाताच्या कोंड्याचा वास, त्यात सुक्या मासळीचा. बाजारपेठेच्या तोंडाशी बैलगाड्यांची नवी चाकं भिंतीला टेकवून ठेवली होती आणि दोन सुतार तिसऱ्या चाकात आरे बसवत होते. एका खाणावळीत भात आणि बांगड्याचं तिखट कालवण जेवलो. मालकाला युसुफच्या बापाचं, इस्माईलभाई बोटवाल्यांचं घर विचारलं, तर तो माझ्या पिशवीकडे बघून म्हणाला, "विलायतेचं काम वाटतं?" गावभर कळलेलं दिसत होतं. माझा संशय शेरभर वाढला.

खाडीच्या बाजूला गेलो आणि जवळची वाट म्हणून मिठागराच्या बांधावर चढलो. दहा पावलांत उजवा पाय घोट्यापर्यंत चिखलात गेला. पाय निघाला, वहाण आत राहिली. मीठ ओढणारा एक आगरी हातातली फळी टाकून धावत आला आणि कोपरापर्यंत हात घालून त्याने ती काढून दिली.

"तुमी बांधाचे मधून चाला. कडंला माती नाय, नुसता गाळ हाय," तो म्हणाला. "बोटवाला चाचा ना? ते काय निल्या दाराचा घर."

"माणूस कसा आहे?"

तो हसला. "आमी मीठ पिकवताव, मास्तर. मानसाचा काय सांगू?"

हे उत्तरही मला संशयास्पदच वाटलं.

इस्माईलभाई पांढऱ्या दाढीचे, चौकडीची लुंगी नेसलेले, ताठ गृहस्थ. बोटीच्या इंजिनखात्यात चाळीस वर्षं काढलेली. मी नाव सांगितलं तसं त्यांनी ओटीवर बसवलं. आतून चहा आला, त्यांच्या बीबीने सांदण (तांदळाच्या पिठाची वाफवलेली गोड वडी) पाठवली. एवढी सरबराई कशासाठी, असं मनाशी म्हणत मी दोन खाल्ल्या.

"परवाना न्यायला आलोय," मी सदाचं पत्र पुढे केलं.

त्यांनी पत्र उलटसुलट पाहिलं. "पत्र कोणीही लिहील, साहेब."

हे वाक्य मी कचेरीत दिवसातून चारदा ऐकवतो. माझ्या तोंडावर ते पहिल्यांदाच कोणी मारलं होतं.

"मी त्याचा सख्खा मोठा भाऊ आहे!"

"असाल. पण आमच्या मोहल्ल्यातल्या एका पोराचा परवाना असाच त्याचा चुलतभाऊ घेऊन गेला. तो तिकडे कमावतोय आणि ते पोर इथे कोळसा उतरवतंय. त्या दिवसापासून ज्याच्या नावाचा कागद, त्याच्याच हातात. सगा बाप आला तरी नाही."

"म्हणजे द्यायचाच नाही तुम्हाला," माझा आवाज चढला. "सहा महिन्यांची मुदत. दोन उलटून गेले. मुदत संपवायची आणि आमच्या पोराचं नशीब भलत्याला विकायचं!"

ते रागावले नाहीत, हेच मला जास्त झोंबलं. आत जाऊन त्यांनी युसुफचं पत्र आणलं.

"ठीक आहे. एका सवालाचा जवाब द्या आणि कागद न्या. सदाच्या कुठल्या डोळ्याला दिसत नाही?"

"काहीतरीच काय! त्याचे दोन्ही डोळे चांगले आहेत."

इस्माईलभाईंनी पत्राची घडी घातली. "मग तुम्ही त्याचे भाऊ नाही. किंवा भाऊ असाल, पण त्याने तुम्हाला सांगितलेलं नाही. दोन्ही बाबतीत मी कागद देऊ शकत नाही."

मग त्यांनी सांगितलं. तीन वर्षांपूर्वी लेथवर लोखंडाचा कपचा उडून सदाच्या डाव्या डोळ्यात गेला. डोळा वरून धड दिसतो, पण आत अंधार. दवाखान्यात पंधरा दिवस उशाशी युसुफ होता. घरी कळलं तर लग्न मोडेल म्हणून सदाने शपथ घातली होती. युसुफने लिहिलं होतं: "मालकाला डोळ्याचं सांगितलंय, तरी त्यांना सदाच हवाय. डॉक्टरपासून लपवू नकोस म्हणावं, लपवलंस तर बंदरावरूनच परत पाठवतील."

मी वहाणा चढवल्या. इस्माईलभाई वेशीपर्यंत सोडायला आले. "त्याला लवकर धाडा," एवढंच म्हणाले.

साताऱ्याची गाडी सोडून मी मुंबईची धरली. दिवेलागणीला कुर्ल्याच्या चाळीत पोचलो. सदा गॅलरीत कठड्याला टेकून बसला होता. मी जिना चढून त्याच्या डाव्या अंगाला, अगदी हाताच्या अंतरावर, येऊन उभा राहिलो. तो समोर बघत राहिला. सणाला घरी आला की पंगतीत डाव्या हाताला बसलेल्याकडे हा अख्खी मान वळवून बघतो, म्हणून आम्ही त्याला मुंबईचा साहेब म्हणून चिडवत आलो होतो. मीच सगळ्यांत जास्त.

"सदा," मी हाक मारली.

तो दचकला. "दादा? तू इथे कसा?"

"पनवेलला गेलो होतो. उद्याच रजा टाक. परवाना ते तुझ्याच हातात देतील."

"तुला नाही दिला?"

"नाही."

त्याचा चेहरा उतरला. मला काय कळलं असेल, ते त्याला समजलं. मी वळसा घालून त्याच्या उजव्या बाजूला जाऊन बसलो.