मचव्याच्या काठावरचे हात

तासायचा वाकस उलटा धरून सुतारबुवा लाकडावर दोनदा ठोकायचे, कान लावायचे आणि म्हणायचे, "खोटं हाय." आतून किडलेली फळी त्यांना अशी कळायची. पुढे ते माझ्या चित्रांवरही वाकस ठोकू लागले.

स्वातंत्र्याला दहाएक वर्षं झाली होती. अलिबागेत समुद्री इतिहासाचं दालन मांडायचं काम माझ्याकडे आलं होतं. आमच्या दालनात बुडायची ती जहाजं परक्यांची. आपली फक्त पराक्रम करायची. प्रतिकृतींसाठी मी रेवदंड्याहून या कोळी सुतारबुवांना आणलं. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मुंबईहून मागवलेलं गलबत घाव घालून फोडलं.

"पान्यात दुपारपरयंत टिकनार न्हाय ह्ये."

"अहो, ते काचेत ठेवायचंय."

"मंग काचेत बुडंल."

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांच्याशी वाद घालताना आपलं शिक्षणच आड येतं.

काही वर्षांपूर्वी खाडीच्या तोंडाशी प्रवाशांची एक लाँच वादळात बुडाली होती. मदतीला गेलेल्या मचव्यावर ते होते. मी चित्र काढलं : मचव्यातला खलाशी बुडणाऱ्या बाईला हात देतोय. बाईच्या दोन्ही हातांत बांगड्या.

त्यांनी वाकस ठोकला. "आमच्या बाया उजव्या हातात बांगड्या घालीत न्हाईत. लग्नात त्या दर्याला देत्यात, नवऱ्याला सांभाळ म्हनून."

मग वाकस खाली ठेवून बोलले. "काठाला पन्नास हात. मचवा कलंडाया लागला. सुकाणूवरनं तांडेल बोलला, मार. मी बोललो, बांगडीचा हात मारनार न्हाय. उघडे, बिनबांगडीचे हात वल्ह्यानं मारले. बोटं मोडल्याली आयकू येत व्हती."

मी चित्रातल्या उजव्या हातातल्या बांगड्या खोडू लागलो.

"माजी बायको मासळी इकून त्याच लाँचनं येत व्हती. तिचा डावा हात पान्यात व्हता. तिसऱ्या दिवशी किनाऱ्याला लागली. उजव्या हाताची चार बोटं मोडल्याली."

दालनासाठी तो मचवा त्यांनी स्वतःच घडवला. काठाला धरलेले हात, आत वल्हं उगारलेला एकच माणूस.

"ह्यो मी. असाच ठेवा. लोकांना कळाया पायजे. ठेवाल ना, मास्तर?"

"ठेवीन," मी म्हणालो.

ठेवलाही. पण वरच्या साहेबांना उद्घाटनात असलं काही नको होतं. मूर्ती बदलायला वेळ नव्हता, म्हणून मी पाटी बदलली. सुतारबुवांना वाचता येत नव्हतं, हे मला माहीत होतं.

मंत्र्यांना मात्र येत होतं. त्यांनी पाटी खणखणीत आवाजात वाचली : "बुडणाऱ्यांना वल्ह्याचा आधार देणारा शूर खलाशी." टाळ्या झाल्या. खलाशी इथेच आहे असं कुणीतरी सांगितलं, तेव्हा मंत्र्यांनी स्वतःच्या गळ्यातला हार सुतारबुवांच्या गळ्यात घातला.

ते माझ्याकडे बघत राहिले. मग वाकसाच्या पहिल्या घावाला काच फुटली, दुसऱ्याला लाकडी माणसाचं डोकं उडालं. मंत्री खुर्चीमागे गेले. "सायेब, मी मारलं त्यांना," ते शांतपणे सांगत होते आणि त्या माणसाच्या ढलप्या उडवत होते. काचेनं हात कापले होते, हारावर रक्त उतरत होतं. चौघांनी धरून बाहेर नेलं.

ते परत आले नाहीत. दोनदा रेवदंड्याला गेलो. दोन्ही वेळा दार लावलेलं होतं, आणि आतून खोकला ऐकू येत होता.

त्यांनी फक्त स्वतःला फोडलं होतं. काठावरच्या एकाही हाताला धक्का लागला नव्हता. साहेबांनी नवी काच बसवून तेवढंच ठेवायला सांगितलं. पाहायला येणारे वाकून बघतात आणि मला विचारतात, "मचवा तर रिकामा आहे. मग ही माणसं चढत का नाहीत?"