गेरूचा ठिपका

वाळूजच्या कारखान्यात नोकरी लागली तेव्हा नामांतराचं आंदोलन पेटलेलं होतं. गाड्या कधी अडतील सांगता येत नसे. म्हणून वैजापूरकडच्या आमच्या गावातून मी बाच्या मेंढरांबरोबर चालतच निघालो. दौलताबादला बाने माझी पत्र्याची पेटी घोड्यावरून उतरवली आणि झाकणावर ओल्या गेरूचा ठिपका उठवला, मेंढरांच्या पाठीवर करायचा तसाच. "शहरात लई कळप असतील. आपलं ओळखू आलं पाहिजे," एवढं बोलून त्याने मेंढरं वळवली.

नोकरी टिकली. लग्नानंतर घरात लोखंडी कपाट आलं आणि पेटी गावाकडे परत गेली. मी मात्र तिथं राहायला कधीच गेलो नाही.

माझी मुलगी शीतल इंजिनिअरिंगला गेली तेव्हा हप्त्यावर लॅपटॉप घेतला. तो बघायला बा गेरू घेऊनच आला. त्याने झाकणावर ठिपका उठवला तशी ती हसली. "आबा, हे काय मेंढरू हाय का?"

"चुकलं तर खुणेनं घरी येतं," तो म्हणाला.

तिने ठिपका पुसला नाही. उलट त्यावर पारदर्शक चिकटपट्टी लावली.

पुण्यात नोकरीच्या दुसऱ्या वर्षी तिची स्कूटर ट्रकखाली आली. खोलीतल्या मैत्रिणींनी सामान आणून दिलं. लॅपटॉप घरी आला.

तेव्हापासून बायको दर रविवारी तो पुसून चार्जिंगला लावायची. सुरू केला की शीतलचा फोटो यायचा. पासवर्ड आम्हाला माहीत नाही, त्यामुळे त्यापुढे काही उघडलं नाही. यंदा बॅटरी फुगली आणि कीबोर्ड वर उचलला गेला. शहागंजातल्या दुरुस्तीवाल्याने तो हातात घेतला आणि हळूच सांगितलं, "चाचा, इसकू घर में नक्को रखो. आग पकड़ लेगा." डिस्क काढून देतो, बाकीचं भंगारात द्या, म्हणाला. भंगार हा शब्द बायकोला सोसवला नाही. ती दुकानाबाहेर जाऊन उभी राहिली.

चारायला घेतलेलं दुसऱ्याचं मेंढरू वाटेत मेलं, तर बा खुणेपुरती लोकर कातरून आणायचा. विकलं नाही, मेलंच, हे मालकाला पटावं म्हणून. मी दुरुस्तीवाल्याला वरचं झाकण वेगळं करायला सांगितलं. डिस्क बायकोने पर्समध्ये ठेवली. झाकण घेऊन मी गावी गेलो.

बाला आता नीट दिसत नाही. त्याने चिकटपट्टीवरून अंगठा फिरवला, झाकण माझ्या जुन्या पेटीत ठेवलं आणि पेटीवर हात ठेवला.

"पेटी आली, तू नाय आला. हे आलं, पोरगी नाय आली. म्या सामानावरच खूण करीत बसलो."

मग त्याने वाटीत गेरू कालवला आणि चाचपडत माझ्या खांद्यावर, शर्टावरच, अंगठा दाबला.

परतीच्या बसमध्ये शेजारचा म्हणाला, "काका, शर्टाला काहीतरी लागलंय."

मी म्हटलं, "असू द्या. घरचं आहे."