फोटोचा शर्ट

भूकंपात दोन्ही पाय गेलेल्या हणमंतरावांकडं एक पांढरा शर्ट होता, खास फोटोसाठी. लातूरचे क्लासवाले सर दरवर्षी एखादा तरुण संशोधक आणि त्यानं बनवलेली चाकांची खुर्ची घेऊन येत. हणमंतराव त्या नव्या खुर्चीत बसत आणि सर म्हणत, "हसा काका, मोठ्ठं हसा! मागं क्लासचा बोर्ड दिसू द्या!" फोटो निघे आणि खुर्ची टेम्पोतून परत जाई. हणमंतरावांना शेतात जायचं असे. ते अंगणातून नुसतं दिसे.

यंदा लोहा गावची तरुण संशोधक हुमा एकटीच, सरांशिवाय, आपली खुर्ची घेऊन आली. हणमंतरावांनी सवयीनं शर्ट चढवला, मोठ्ठं हसले.

"शर्ट काढा काका, ग्रीस लागंल. ढेकळात चालवून बघायचीय."

"आन् फोटो?"

"कुठं अडकंल ते सांगा आधी."

या प्रश्नाचं उत्तर काही त्यांनी पाठ केलेलं नव्हतं.

"बांधावर अडकंल बघ," बटणं सोडत ते म्हणाले. "चल, दाखवतो."