नेपाळचे पाटे

मेढ्याच्या दवाखान्याची गाडी परदेशी होती आणि ती हाकणारा आकाराम रांजणे पक्का जावळीचा. एकोणीस वर्षं पलटणीत ट्रक चालवून तो हवालदार म्हणून घरी आला, तेव्हा गाव धरूनच चाललं होतं की गडी आता ओट्यावर बसून पेन्शन खाणार. पण कुणा विलायती डॉक्टरीणबाईनं जाताना आपली लँड रोव्हर दवाखान्याला देऊन टाकली होती आणि तिला हात लावायची कुणाची छाती होत नव्हती. आकाराम एकदा तिच्याखाली शिरला, बराच वेळ तिथंच राहिला आणि बाहेर येऊन हात पुसत म्हणाला, "उद्यापासनं येतो."

त्यानंतर आठ वर्षं वरच्या वाड्यांतली अडलेली बाई, हिरड्याच्या झाडावरून पडलेला गडी, पान लागलेलं, म्हणजे साप चावलेलं पोर, सगळी याच गाडीनं चौदा मैलांवर साताऱ्याला गेली. आकाराम गाडी इतकी अलगद हाकायचा की हाड मोडलेला माणूससुद्धा वाटेत डोळा लागला असं सांगायचा. याचा त्याला अभिमान होता आणि तो लपवण्याइतका तो साधू नव्हता.

पंचाहत्तरच्या श्रावणात गाडीचा मागचा उजवा पाटा तुटला. पाटा म्हणजे चाकावरची पोलादी पट्ट्यांची कमान. खड्ड्याचा हादरा ती आपल्या अंगावर घेते, म्हणून वरच्या माणसाला तो बसत नाही. साताऱ्यात तसला पाटा मिळेना. आकारामनं मग भंगारातल्या ट्रकचा पाटा कापून, लोहाराकडून हवा तसा वाकवून घेतला आणि ठोकून बसवला. गाडी थांबता कामा नये, हेच त्याला पलटणीनं शिकवलं होतं. गाडी थांबली नाही, हे खरं. पण भरल्या ट्रकचं ओझं वाहणारं ते पोलाद चार माणसांच्या वजनानं कशाला वाकतंय? खड्डा आला की तो आता सरळ माणसाच्या पाठीत बसायचा. आकारामला हे पहिल्याच फेरीत कळलं होतं. पावसाळा सरू दे, मग बघू, असं त्यानं मनाशी म्हटलं. आपण सगळेच असं म्हणतो आणि बहुतेक वेळा ते खपूनही जातं.

त्याच महिन्यात वरच्या वाडीच्या मनुबाईनं आपल्या सुनेला, शालूला, डोलीतून खाली आणलं. शालूला सातवा महिना होता आणि पोटात कळा येत होत्या. नवरा पलटणीत, दूर आसामात. आकारामनं दोघींना गाडीत घेतलं. रस्ता पावसानं धुऊन निघालेला, गाडी जागोजागी आदळत होती आणि दर आदळण्याला शालूच्या तोंडून आवाज येत होता. साताऱ्याच्या अलीकडे तीन मैलांवर मूल झालं. मुलगा होता, तो रडला नाही. रस्त्याकडेच्या करंजाखाली आकारामनं स्वतःच्या हातानं खड्डा खणला आणि मनुबाईनं नातवाला तिथं ठेवलं.

साताऱ्याचे डॉक्टर म्हणाले, दिवस भरले नव्हते, घरी असती तरी असंच झालं असतं. मनुबाई परत जाताना आकारामला म्हणाली, "तू तरी काय करशील, बाबा." तेव्हाच तोंड उघडायला हवं होतं. त्यानं उघडलं नाही. खाली मान घालून उभा राहिला आणि लोकांना वाटलं, केवढं मनाला लावून घेतलंय यानं.

चार दिवसांनी तुटका पाटा गोणपाटात गुंडाळून तो सांगलीला गेला. तिथं तवनाप्पाचं गाड्यांच्या जुन्या-नव्या सुट्या भागांचं दुकान होतं आणि साताऱ्यापासून चिकोडीपर्यंतचे ड्रायव्हर त्याच्याकडे यायचे. तो जैन माणूस. सूर्य मावळायच्या आत जेवायचं म्हणून दुकान आवरत होता. तरी पाटा हातात घेऊन त्यानं बोटानं त्याचं टोक चाचपलं.

"ह्यो माल आता आपल्या देशात न्हाई, आकाराम. बाहेरनं आणायला परवाना लागतोय. त्यो मिळंस्तवर तुझी गाडी भंगारात जाईल."

"मग काय करू?"

"नेपाळात मिळंल. तिकडं धरानला गोऱ्या सायबांची छावणी हाय, त्यांच्या गाड्या असल्याच. त्यांनी काढून टाकलेला माल बाजारात येतोय म्हणं. पर एवढ्या लांब जाणार कोण, आणि तिथं तुला वळखतंय कोण?"

"माझा दोस्त हाय तिथला," आकाराम म्हणाला.

दोस्त म्हणजे मानबहादूर. दोघांनी बर्फातल्या रस्त्यांवर चार वर्षं एकच ट्रक आळीपाळीनं हाकला होता. आकारामनं पत्र टाकलं आणि दिवाळीनंतर उत्तर आलं: ये. दवाखान्याच्या शिक्क्याची चिठ्ठी खिशात आणि तुटका पाटा उशाला घेऊन तो पाच दिवस आगगाड्या बदलत जोगबनीला पोचला, सीमा ओलांडून बसनं धरानला गेला.

बाजारात तिसऱ्या दुकानी माल निघाला. दुकानदार म्हातारा होता, पण पारखी. नमुना बघताच त्यानं विचारलं, चालकाच्या बाजूचा हवा की दुसऱ्या? दोन्हींची कमान सारखी नसते. आकारामला हे ठाऊक होतं, दुकानदारालाही ठाऊक आहे हे बघून त्याला बरं वाटलं. त्यानं दोन्ही बाजूंचे घेतले. घेण्याआधी दोन दगडांवर पाटा पालथा ठेवून तो आणि मानबहादूर एकमेकांचे खांदे धरून त्यावर उभे राहिले. पाटा दोघांना घेऊन सावकाश खाली गेला आणि तसाच सावकाश वर आला. मानबहादूर हसायला लागला. आकारामला मात्र रडू आलं, आणि का ते त्यानं दोस्तालाही सांगितलं नाही.

परतताना मानबहादूर म्हणाला, नाक्यावरून कशाला जातोस, शेतातून बैलगाड्या जातात, सगळे तसंच नेतात. आकारामनं ऐकलं नाही. आणीबाणीचे दिवस होते आणि चोरून आणलेल्या पाट्यावर त्याला रोगी बसवायचे नव्हते. जकात नाक्यावर त्यानं घेतलेले दोन आणि जुना तुटका, असे तीनही पाटे मेजावर ठेवले. साहेबानं त्याला दोन दिवस बसवून ठेवलं. तिसऱ्या दिवशी कागद चाळत त्यानं हिंदीत विचारलं, जुना तुटून चार महिने झाले, मग गाडी कशावर चालतेय?

"ट्रक के पाटे पे, साब."

"चलती है ना? फिर ये क्यों चाहिए?"

आकाराम सरळ उभा राहिला. "बच्चा मर गया, साब. मेरी गाडी में."

ते शब्द पहिल्यांदाच त्याच्या तोंडून निघाले होते, तेही गावापासून हजार मैलांवर, परक्या भाषेत, नाव न विचारलेल्या माणसापुढे. साहेबानं जकात लावली आणि कागदावर शिक्का मारला.

पाटे बसले. गाडी पुन्हा पहिल्यासारखी चालायला लागली आणि आकाराम नेपाळला जाऊन आला म्हणून मेढ्यात त्याचं कौतुक झालं. हार घालायचं ठरत होतं, त्यानं घालू दिला नाही. करंजापाशी आलं की तो रस्त्यावरच नजर ठेवून गाडी पुढे काढायचा. थांबला कधीच नाही.

सत्त्याहत्तरच्या उन्हाळ्यात शालूला पुन्हा दिवस होते. आठवा सरत आला तसा मेढ्याचा डॉक्टर म्हणाला, वेळेआधीच साताऱ्याला नेऊन ठेवा. मनुबाई म्हणाली, नेईन, पण डोलीनं. त्या गाडीत सून बसवायची नाही. डोलीनं एवढा पल्ला म्हणजे उन्हात दिवसभर. उन्हाळ्यात वाडीची वाट कोरडी होती, आकाराम स्वतः गाडी घेऊन वर गेला.

"मावशी, पाटं नवं हायत. नेपाळातनं आणल्यात."

मनुबाईनं आतून कळशी आणली आणि काठोकाठ भरली. तिचा सासरा माहेरवाशीण बैलगाडीत बसवायच्या आधी अशीच भरली कळशी मागं ठेवून बैल पारखायचा. "ही मागं ठेव. ओढ्यापर्यंत जा आणि ये. मग बघू."

आकाराम जिवाच्या करारानं हळू गेला. ओढ्यावर उतरून बघितलं तर पाणी चार बोटं खाली गेलेलं. डोंगरातला रस्ता, सांडणारच. ओढा पायापाशी वाहत होता, आसपास चिटपाखरू नव्हतं. ओंजळभर पाणी घातलं की काम होत होतं, आणि शालूच्या भल्याचंच काम होतं ते. तो कळशीपाशी बसला. मग उठला आणि तशीच घेऊन परत आला.

"चार बोटं सांडलं, मावशी. पर त्या टायमाला निम्मीबी उरली नसती. तवा खाली ट्रकचा पाटा हुता. मीच बसवला हुता. गाडी हापटतीया हे मला ठावं हुतं, तरी शालूला घेतली आणि कुणाला बोललो न्हाई."

मनुबाई कळशीकडे बघत राहिली. तिचा चेहरा कठीण झाला. "तू तरी काय करशील म्हणलं हुतं मी तुला," ती म्हणाली. "तवा सांगायचं हुतंस."

"व्हय."

"आता मला सांगून काय? बसायची ती हाय. तिला सांग."

शालू दारातच बसली होती, तिनं सगळं ऐकलं होतं. तरी आकाराम तिच्यापुढे उकिडवा बसला आणि त्यानं पहिल्यापासून पुन्हा सगळं सांगितलं. तिनं एकच विचारलं, "ह्यो पाटा तवा असता, तर जगलं असतं?"

"ठावं न्हाई, पोरी. मरस्तवर कळायचं न्हाई मला."

तिनं कळशी आपल्याजवळ ओढून घेतली. मग म्हणाली, "सकाळी या. ऊन व्हायच्या आत."

दुसऱ्या दिवशी ती गाडीत बसली तेव्हा तीच कळशी तिनं बरोबर घेतली होती, चार बोटं कमी होती तशीच. मनुबाई तिला धरून बसली. करंज जवळ आला तशी शालू म्हणाली, "हितं थांबवा, मामा."

दोघी उतरल्या आणि सावकाश झाडाखाली गेल्या. आकाराम गाडीपाशीच उभा राहिला, टोपी हातात घेऊन. शालूनं थोडं पाणी मुळाशी ओतलं, सासूनं थोडं ओतलं. मग शालूनं मागं वळून पाहिलं. कळशी अजून तिच्या हातात होती.

"मामा," ती म्हणाली, "तुमीबी या."