खर्ड्याचा पारा आणि बंदुकीची नळी

नगरचा माझा डॉक्टर मित्र म्हणाला, "खर्ड्याला येतोस? तू किल्ला बघ, मी रोगी बघतो." माझ्यासारख्या वार्ताहराला एवढं आमंत्रण पुरतं. पुण्याहून निघालो.

नगरहून जामखेडची मोटार हल्ली कोळशाच्या गॅसवर चालते. महायुद्धामुळे पेट्रोल नाही. चढ आला की उतारूंनी खाली उतरून ढकलायचं. तिकीट मात्र बसून जाण्याचंच घेतात. वाटेत निजामाची हद्द लागते. नाक्यावरच्या शिपायाने डॉक्टरच्या पेटीतली आम्लाची बाटली हुंगली आणि डोळे पुसत आम्हांला सन्मानाने सोडलं. जामखेडपासून पुढे बैलगाडी. जाणार असाल तर साखर घरून न्या. रेशनमुळे चहा गुळाचाच मिळतो. बाजरीची भाकरी आणि शेंगांची चटणी मात्र कुठेही मागा, पोटभर मिळते.

रोगी म्हणजे दाऊदभाई झारेकरी यांची बायको अमीनाबी. झारेकरी सोनारांच्या दुकानातला केर विकत घेतात, धुतात आणि त्यात पारा चोळतात. पारा सोन्याचे कण धरून ठेवतो. मग तो गोळा विस्तवावर ठेवला की पारा उडून जातो आणि सोनं उरतं. हे शेवटचं काम अमीनाबीकडे, स्वयंपाकाच्या चुलीवर, दार लावून.

"दार का लावता?" डॉक्टरने विचारलं.

"सोनं उघड्यावर तापवलं तर बरकत उडती," दाऊदभाई म्हणाले. "आमच्या आज्यापासनं हेच हाय."

अमीनाबी दाराआड उभी होती. हातातला पाण्याचा तांब्या कापत होता. हिरड्या सुजलेल्या, दोन दात पडलेले. कुणी नाव घेतलं तरी डोळ्यांत पाणी यायचं.

"हिचा आवाज येशीपर्यंत जायचा," दाऊदभाई म्हणाले. "भांडायला गावात जोड नव्हती. आता शेजारीन आली तरी आत पळती. लोक म्हनतात, नजर लागली."

डॉक्टरने घरातल्या प्रत्येकाची लघवी वेगवेगळ्या बाटलीत मागितली. तुलनेसाठी माझीही. मग चुलीवर उकळी. प्रत्येकीत थोडं आम्ल आणि तांब्याची एक घासलेली तार. माझी तार लालच राहिली. माझी निर्मळता कुणी सिद्ध करण्याची ही पहिलीच वेळ. दाऊदभाईंची तार करडी झाली. अमीनाबीची चांदीसारखी पांढरी. ती तार डॉक्टरने काचेच्या नळीत घालून तापवली, तेव्हा काचेवर मोहरीहून बारीक चकचकीत थेंब जमले.

"ही नजर," डॉक्टर म्हणाला. "उडालेला पारा घराबाहेर जातच नाही. श्वासातून हिच्या अंगात जातो. किती, ते ही तार सांगत नाही. नेमकं मोजायला मुंबईच्या प्रयोगशाळेत पाठवावं लागेल. पण आहे, हे नक्की. धंदा थांबवा."

"थांबवून खायचं काय, सायेब?"

मला पाऱ्यावरचे जुने संस्कृत ग्रंथ आठवले. आमच्या ग्रंथांनी पाऱ्याला देह अजरामर करणारा म्हटलं आहे. ते ग्रंथकार आज कुठे भेटतात, हे विचारू नये. मात्र त्याच ग्रंथांत तिर्यक्पातन नावाचं यंत्र आहे. एका मडक्यात पारा तापवायचा. तिरप्या नळीतून वाफ पाण्यात बसवलेल्या दुसऱ्या मडक्यात न्यायची. तिथे थंड होऊन पुन्हा पारा. मी जमिनीवर काडीने आकृती काढली.

"तुझ्या संस्कृताचा कुणाला उपयोग झाल्याचं प्रथमच बघतोय," डॉक्टर म्हणाला.

लोहाराकडे बंदुकीची एक मोडकी नळी निघाली. मराठे-निजाम लढाईचं गाव, अशा वस्तूंना तोटा नाही. कापड आणि चिकणमातीने सांधे लिंपले. दुसऱ्या दिवशी गावाबाहेर माळावर, वाऱ्याकडे पाठ करून दाऊदभाईंनी जाळ लावला. बराच वेळ काही होईना. मग दुसऱ्या मडक्यात टपकन आवाज झाला.

दाऊदभाई वाकून बघतच राहिले. महायुद्धामुळे पारा हल्ली भलताच महाग झालाय. "मंजी इतकी वर्सं आमी पारा बायकोला पाजत हुतो, व्हय?"

"आता परत घ्या," डॉक्टर म्हणाला. "सांधा फुटला तर दूर पळा. हे काम घरात पुन्हा नाही. चूल नवी घाला, जमीन खरवडून माती लांब पुरा. आणि अमीनाबींना या विस्तवाजवळ फिरकू देऊ नका."

"बरी हुईल?"

"महिने लागतील. पूर्ण होईलच, असं म्हणत नाही."

परतताना किल्ला पाहिला. तट भक्कम आहे, आतून फेरी मारता येते, पाणी बरोबर ठेवा. पण पुण्यात घरी बसून आठवतात ती दोन मडकी.

दिवाळीनंतर डॉक्टर माझ्याकडे आला. अमीनाबी तपासणीला नगरला येऊन गेली होती. तार अजून पांढरी होते, पण फिकी. हात कापतो, पण कमी.

"आणि?"

"तिला दवाखान्यात बसून राहावं लागलं, म्हणून माझ्या रोग्यांदेखत मला फैलावर घेतलं. माझ्या घड्याळापासून कंपाउंडरपर्यंत काही सोडलं नाही. दाऊदभाई दारात उभे होते. म्हणाले, 'मदी बोलू नका, डाक्टरसायेब. लई दिसांनी बोलतीया.'"

"मग तू काय केलंस?"

"दुसऱ्या रोग्याला आत बोलावलं नाही," डॉक्टर म्हणाला. "तिचं संपेपर्यंत ऐकून घेतलं."